बॅनरमधलं फौजीच्या मापाचं भोक

नाईक तलावाच्या वस्तीत अजूनही सांगतात, की संजीव हेडाऊ सुटीवर आला, गोळीबार चौकात बायकोच्या प्रचाराचा बॅनर पाहिला, खिशातून चाकू काढला आणि बायकोच्या शेजारी छापलेला स्वतःचाच फोटो उभा कापून काढला. सांगणाऱ्यागणिक चाकू वाढत जातो. पोह्याच्या ठेल्यावर तो कांदा कापायचा असतो, केस कटिंगच्या दुकानात फौजेतला असतो, आणि मागच्या गल्लीतल्या शामलाबाईंच्या तोंडी तर बंदुकीच्या टोकाची संगीनच होते. "फाडलं, अन् मंग नंदिनीकडे असं पायलं वं बाई, मी तं जाग्यावरच थरथरली," शामलाबाई सांगतात. शामलाबाई त्या दिवशी नातवाच्या बारशाला उमरेडला होत्या.

खरं असं, की चाकू नव्हताच. दाढीचं अर्धं ब्लेड होतं, आणि तेही संजीवच्या नव्हे, धर्मेंद्रच्या हातात होतं. धर्मेंद्र हा नंदिनीचा धाकटा भाऊ. बहिणीच्या प्रचाराचा सगळा कारभार त्याला कोणी दिला नव्हता, त्यानं घेतला होता. तो शिडीवर चढला होता आणि संजीव खाली शिडी धरून उभा होता. शिडी धरणं प्रचारात येतं की काय, हा विचार संजीवच्या मनात शिडी धरल्यावर आला. त्यानं हात मागे घेतले. म्हणून धर्मेंद्र उतरताना घसरला आणि त्याचं कोपर सोललं. चौकातल्या लोकांनी एवढंच पाहिलं, की बॅनर फाटलेला आहे, मेहुणा जमिनीवर बसून कोपराला फुंकर मारतो आहे आणि फौजी हात मागे बांधून उभा आहे. पुढचं त्यांनी घरी जाऊन शिजवलं.

संजीवनं हे कोणाला समजावून सांगितलं नाही. समजावणं त्याच्या घराण्यात नाही. वडील वामनराव हातमागावर बसत, आणि घरात माग चालू असला की बोलायचं ते दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत, तोडून तोडून. माग गेला, जागेवर शिलाई मशीन आलं, पण ती फट संजीवच्या बोलण्यात राहून गेली. कामठीच्या भरतीत तो धावला, निवडला गेला, आणि हवालदार होईपर्यंत देशाच्या चारी टोकांना राहून आला. लडाखकडच्या एका उंच पोस्टवर डाव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर झाली ती झालीच. गरम चहाचा पेला त्या बोटांनी धरला तर त्याला कळत नाही. शेजारच्या बोटांकडून बातमी येते तेव्हा कळतं.

ते बोटांपुरतं राहिलं नाही, असं त्याला कधीकधी वाटे. वडील गेल्याचा फोन आला तेव्हा तो घरीच यायला निघाला होता, गाडीत होता. त्यानं ऐकून घेतलं, "ठीक आहे" म्हणाला, फोन खिशात ठेवला. समोरच्या प्रवाशानं इटारसी कधी येईल विचारलं, तर तेही नीट सांगितलं.

हे "ठीक आहे" त्याचं ठरलेलं. बदली झाली, ठीक आहे. रजा नामंजूर झाली, ठीक आहे. भाजीत मीठ जास्त झालं, ठीक आहे. वरच्या मजल्यावर तो आणि नंदिनी राहत, खालच्या मजल्यावर थोरल्या भावाचं कुटुंब. त्या भावाची मुलगी भैरवी, अकरावीतली, कोणाचाही आवाज काढते. कचरागाडीचा भोंगा, गांधीबागेतल्या ठोक दुकानातले पान चघळत भाव सांगणारे शेटजी, केमिस्ट्रीच्या शिंकणाऱ्या मॅडम, सगळे तिच्या गळ्यात एकत्र राहतात. हे लिहिणारीही तीच, पण गोष्ट तिची नाही. एवढ्या आवाजांत तिला एक आवाज कधी जमला नाही तो काकाचा. नक्कल करायला आवाजात कुठंतरी वरखाली लागतं, एखादा खड्डा, एखादी गाठ. काकाचं "ठीक आहे" म्हणजे नुसती सपाट फरशी. पाय ठेवायला कुठं जागाच नाही.

घोटाळा त्याच दोन शब्दांनी केला.

महानगरपालिकेची निवडणूक बऱ्याच वर्षांनी लागली होती आणि वस्तीतली एक जागा बायकांसाठी राखीव झाली. पावसाळ्यात तलावाकडच्या नालीचं पाणी घरात शिरतं, म्हणून नंदिनीनं बचत गटाच्या बायका घेऊन झोन ऑफिसच्या इतक्या खेपा घातल्या होत्या, की तिथला शिपाई तिला चहा विचारायला लागला होता. बायका म्हणाल्या, तूच उभी राह्य. नंदिनीनं संजीवला फोन लावला. "उभी राहू का जी?" पलीकडून आलं, "ठीक आहे." नंदिनीनं अर्ज भरला. कोणत्याच पक्षानं विचारलं नाही म्हणून अपक्ष. चिन्ह मिळालं पंखा. जानेवारीत पंखा. "थंडीत पंखा कोन घेते वं नंदे?" पहिल्या दिवसापासून हा विनोद तिच्या मागे लागला होता.

तिकडं संजीवनं फोन ठेवला आणि सरळ कंपनी कमांडरसमोर जाऊन उभा राहिला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बीवी लड़ सकती है, उसका हक है," ते म्हणाले. "लेकिन तुम नहीं दिखोगे. समझे? कहीं नहीं दिखोगे."

हे त्याला नवीन नव्हतं. कुठलीही निवडणूक जवळ आली, की संध्याकाळच्या हजेरीला सुभेदार साहेब सगळ्यांना उभं करून ऐकवत. ते काय ऐकवत, हे सुटीवर आल्यावर भैरवीनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा संजीव गच्चीच्या कठड्याला टेकून म्हणाला, "कोई जवान पार्टी की मीटिंग में नहीं जाएगा, जुलूस में नहीं चलेगा, चंदा नहीं देगा, भाषण नहीं देगा, वर्दी का फोटो नहीं लगने देगा. वोट देगा, चुपचाप देगा. छुट्टी पर हो, तो छुट्टी पर हो, फौज से बाहर नहीं हो. कोई शक?"

भैरवी डोळे फाडून बघत राहिली. "काका, तुमी तं नक्कल करून राहिले."

"कोनाची?"

"सुभेदाराची. त्याच्या नाकातून आवाज येते ना? 'कोई शक'च्या टायमाले?"

संजीवनं विचार केला. "येते," तो म्हणाला.

मतही त्याला देता येणार नव्हतं. वस्तीच्या यादीत त्याचं नावच सापडलं नाही. त्याची नोंद फौजेकडच्या वेगळ्या यादीत. म्हणजे बायको निवडणुकीला उभी, नवरा घरात, आणि त्याच्या हातात काही नाही. हातात होतं ते एकच, आणि ते त्याला गमवायचं नव्हतं. नायब सुभेदारीसाठी त्याचं नाव पुढं गेलेलं होतं, होळीच्या आसपास ऑर्डर येणार होती. आली तर खांद्यावर तारा आणि आणखी काही वर्षं नोकरी. तोवर रेकॉर्डवर लाल शाईची, म्हणजे शिक्षेची, एक ओळ जरी पडली, तर हवालदार म्हणूनच घरी. वीसेक वर्षांत त्याच्या रेकॉर्डवर लाल शाई नव्हती. घरच्यांना दाखवण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि तेही असं, की जे नाही तेच दाखवायचं.

म्हणून तो गच्चीवर बसे. रॅली गल्लीतून गेली की जिन्याचं दार लावून घेई.

संक्रांत जवळ आली होती. धर्मेंद्रनं प्रचाराचे पतंग छापून घेतले होते, पिवळ्या कागदावर तीन पात्यांचा पंखा आणि खाली "नंदिनीताई हेडाऊ". भैरवी एक घेऊन वर आली.

"काका, याले दोरा बांधून द्या ना."

संजीवनं पतंग हातात घेतला, पाहिला, परत दिला. "बोटं चालत नाही."

"काल तं सुईत दोरा ओवला तुमी. काकूनं सांगतलं."

त्यानं पतंगावरच्या नावाकडे बोट केलं.

"हा प्रचार होते काय?"

"हौ."

"वर गेल्यावर नाव कोनाले दिसते, काका? इतकुसा ठिपका दिसते."

"कटला तं पडते," संजीव म्हणाला. "कोनाच्यातरी अंगनात पडते. मंग वाचता येते."

भैरवीनं खालून साधा पांढरा पतंग आणला. तो त्यानं उजव्या हाताची बोटं आणि दात वापरून क्षणात बांधून दिला. पिवळा पतंग तिनं शेजारच्या गच्चीवरून उडवला. संजीव तो बराच वेळ पाहत होता. खाली कुठं पडतो एवढंच त्याला बघायचं होतं. तो विजेच्या तारेत अडकला आणि तिथंच फडफडत राहिला.

बॅनर लागला तो त्याच संध्याकाळी. संजीव दूध आणायला गोळीबार चौकात गेला आणि त्यानं स्वतःला पाहिलं. दरवाजाएवढा मोठा, वर्दीत, सलाम ठोकणारा. शेजारी नंदिनी हात जोडून. दोघांच्या मधे पंखा. खाली लिहिलं होतं, "घरचा जवान सीमेवर, ताई आपल्या सेवेवर." फोटो धर्मेंद्रनं बहिणीच्या कपाटावरच्या फ्रेममधून मोबाइलवर काढून घेतला होता. खालून काढल्यामुळं संजीवची हनुवटी फार मोठी दिसत होती.

त्याला राग आला नाही. राग यायला पाहिजे हे त्याला कळलं, तसं त्यानं थोडा वेळ थांबूनही पाहिलं. मग धर्मेंद्रला फोन करून बोलावलं.

"काढ," तो म्हणाला.

"भाऊजी, आत्ताच तं लावला. बाया उभ्या राहूराहू पाहून राहिल्या. म्हनते, फौजी कसा रुबाबदार दिसते."

"काढ."

"पूरा काढला तं ताईचं काय? चौक आहे हा. बरं, तुमचा चेहरा झाकतो. मंग?" आणि धर्मेंद्रनं शिडी लावून चेहऱ्यावर प्रचाराचं पत्रक चिकटवलं. आता एक वर्दी उभी होती, तिला डोक्याच्या जागी पंखा होता आणि पंखा सलाम करत होता.

"कपडे," संजीव म्हणाला.

"आता कपडेबी नाही पाह्यजे? भाऊजी, कपडे तं सरकारचे आहे, तुमचे कुठं आहे?"

"म्हनूनच."

धर्मेंद्रनं शिडीवरूनच कपाळावर हात मारला, खालच्या कटिंगच्या दुकानातून ब्लेड मागवलं, आणि बाह्यरेषेनं, टोपीपासून बुटापर्यंत, फौजी अख्खा कापून काढला. काम सुबक झालं. तेच वाईट झालं. चौकोनी तुकडा कापला असता तर लोकांना काही वाटलं नसतं. आता नंदिनीच्या शेजारी माणसाच्या मापाचं, सलाम करणारं भोक होतं, आणि त्यातून मागच्या कूलरवाल्याच्या वरच्या गॅलरीत वाळत घातलेली लुंगी दिसत होती. वारा आला की लुंगी नंदिनीच्या बाजूला झुके. कापलेला फौजी इस्त्रीवाल्या नत्थूनं मागून घेतला आणि आपल्या ठेल्याच्या फाटक्या छताला आतून लावला. नत्थू इस्त्री करताना मान वर करी तेव्हा त्याला सलाम मिळे. याला संजीवनं हरकत घेतली नाही. इस्त्रीवर नियमात काही नव्हतं.

फोटो होता तेव्हा लोकांनी एकदा पाहिला असता. भोक पाहायला लोक दुसऱ्या चौकातून आले.

दुसऱ्या दिवशी नंदिनी प्रचारावरून आली ती चपला न काढताच पलंगावर बसली. "सातपैकी सहा घरी विचारते, फौजी कुठी आहे," ती म्हणाली. "मी म्हनते, घरी आहे. मंग त्या एकमेकीकडे पाह्यते. पानी प्या म्हनते, पन मताचं कोनी बोलत नाही. ज्या बाईसंग तिचा मानूस नाही, तिच्यासंग आपन काहून राहावं, असं असन त्याइच्या मनात."

संजीव खुर्चीत बसून होता. त्यानं तिच्यासमोर चहा ठेवला होता. तो गार होत होता.

"मी तुमाले फोन करून विचारलं होतं ना? उभी राहू का म्हनून."

"हौ."

"तुमी ठीक आहे म्हनले."

"हौ."

"ते कोनतं ठीक आहे होतं?"

संजीवनं खरोखर आठवून पाहिलं. त्या फोनच्या वेळी तो पोस्टवर होता, बाहेर वारा होता, बायकोचा आवाज तुटत होता. त्याला बरं वाटलं होतं का? वाटलं असावं. "साहेब म्हनले, दिसू नको," तो म्हणाला.

नंदिनीनं चहा उचलला, ओठाला लावला, गार म्हणून ठेवून दिला. "त्याइले सांगा, हे म्हनायची काय गरज होती," ती म्हणाली. "लगन झाल्यापासून तुमी कुठी दिसून राहिले?" हे ती भांडणाच्या सुरात बोलली नाही. दूध उतू गेलं हे सांगावं तसं बोलली. मग उठली आणि कुकर लावला.

भैरवीनं हे जिन्यात बसून ऐकलं. सकाळी संजीव पाण्याची मोटर सुरू करायला खाली आला, तेव्हा तिनं त्याला अडवलं.

"काका, पैज लावता? मतदानाच्या आत काकूसाठी एक तरी शब्द तुमच्या तोंडून निघन. लोकाइसमोर."

"नाही निघत."

"निघला तं कॉलेजच्या गॅदरिंगमदी मी तुमची नक्कल करीन, अन् तुमी पुढच्या लाइनीत बसून पाहान."

"अन् नाही निघला तं?"

"तुमी सांगान ते करीन. कायबी."

"ठीक आहे," संजीव म्हणाला आणि मोटरचं बटण दाबलं.

भैरवी अशी उदार झाली त्याला कारण होतं. प्रचार संपायच्या आदल्या संध्याकाळी काय होणार हे तिला माहीत होतं आणि काकाला माहीत नव्हतं.

संजीवकडे निरोप घेऊन आले ते धोंडबा, फौजेतून नायक म्हणून पेन्शनीत निघालेले, डोक्याला मफलर. "समाजभवनात तिळगुळाचा कार्यक्रम आहे गा," ते म्हणाले. "जवानाइचा सत्कार. माझाबी आहे. चाल."

"कोन करून राह्यलं?"

"समाज."

"बॅनर?"

"नाही."

"भाषन?"

"अरे तिळगुळात कायचं भाषन? शाल घ्या, नारळ घ्या, घरी जा. तुह्या बायकोचं नाव कोनी काढलं तं मी आहे ना तिथं." धोंडबांना खरोखर तसंच सांगण्यात आलं होतं.

संजीव स्वेटर घालून गेला. दारात उभं राहून आधी भिंती पाहिल्या. बॅनर नव्हता, झेंडा नव्हता. मंचावर भैरवी माइक घेऊन कचरागाडीचा भोंगा वाजवत होती आणि लोक हसत होते. तो दुसऱ्या ओळीत धोंडबांच्या शेजारी बसला. शाल आली, नारळ आला, तिळाचा लाडू आला. लाडू त्यानं खाल्ला.

मग मंचामागचा पडदा सरकला आणि दोन पोरांनी पंखा आणून मधोमध ठेवला. लग्नाच्या मांडवात लावतात तो, माणसाएवढा उभा, झेंडूचा भला मोठा हार घातलेला. धर्मेंद्रनं बटण दाबलं आणि पंखा फिरायला लागला. पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनी कानटोप्या खाली ओढल्या. झेंडूच्या पाकळ्या उडून धोंडबांच्या मफलरवर बसल्या. त्याच वेळी बाजूच्या दारातून नंदिनीला मंचावर आणलं, आणि धर्मेंद्र माइकवर म्हणाला, "आता आपल्या वस्तीचे शूर जवान, ताईचे यजमान, हवालदार संजीवभाऊ दोन शब्द बोलतील."

टाळ्या झाल्या. भैरवी मंचावरून उतरली, काकाच्या हातात माइक दिला आणि हळूच म्हणाली, "एकच शब्द, काका."

संजीव उभा राहिला. नंदिनी त्याच्याकडे बघत नव्हती. ती पंख्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की पंख्याचं तिलाही कोणी सांगितलेलं नाही. मागे कोणीतरी मोबाइल उंच धरला. मग आणखी एकानं.

त्याच्या घशाशी काहीतरी आलं होतं. ते त्याला स्पष्ट जाणवलं, कारण बरेच दिवस तिथं काही आलं नव्हतं. मागच्या पावसाळ्यात खालचे सगळे गावाला गेले असताना नालीचं पाणी खालच्या मजल्यावर शिरलं तेव्हा हिनं रात्रभर एकटीनं पाणी उपसलं, आणि सकाळी मला फोनवर विचारलं, तिकडं थंडी आहे का. एवढंच होतं ते. त्यात पक्ष नव्हता, चिन्ह नव्हतं. पण पंखा फिरत होता, आणि पंख्यासमोर बोललेलं सगळं पंख्याचं होणार होतं.

त्यानं माइकचं बटण शोधलं, बंद केलं, माइक भैरवीच्या हातात परत दिला. शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला.

"बस ना गा," धोंडबा पुटपुटले. "कोनाले समजते?"

संजीव दोन ओळींच्या मधून चालत गेला. हॉलमधे फक्त पंख्याची घरघर होती.

रस्त्यापलीकडे नत्थूचा ठेला होता. संजीव तिथं जाऊन उभा राहिला. छताला तो स्वतःच होता, सलाम करत. हॉलच्या दारावरच्या भोंग्यातून नंदिनीचा आवाज आला. "धर्मेंद्र, पंखा बंद कर पह्यले. लोक गारठून राहिले." कोणीतरी हसलं. मग ती बोलायला लागली. माहा मानूस उठून गेला, त्याले जाव लागते, असलं काही ती बोलली नाही. नालीवर बोलली. नाली कुठून येते, कुठं तुंबते, झोन ऑफिसातला कोणता साहेब कोणत्या टेबलाकडे बोट दाखवतो. संजीव ऐकत होता. रस्त्यावर उभं राहून ऐकणं सभेला हजर राहण्यात येतं का, हे त्यानं मनात तपासलं आणि रस्ता हा रस्ता आहे असं ठरवलं.

"बाई मस्त बोलते ना जी?" नत्थू निखारे हलवत म्हणाला.

ठेल्यापाशी आणखी दोघं उभे होते. संजीवनं तोंड उघडलं.

"माह्या पॅन्टची इस्त्री झाली काय?" त्यानं विचारलं.

नंदिनी घरी आली तेव्हा त्यानं भात लावून ठेवला होता. दोघं जेवायला बसले.

"मले पंख्याचं माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"माइक हातात घेतला तवा तुमी कायतरी बोलनार होते."

"हौ."

"काय?"

हे स्वयंपाकघर होतं. इथं सभा नव्हती, मोबाइल नव्हता, तिसरं कोणी नव्हतं. इथं बोलायला कुठल्याच साहेबाची मनाई नव्हती. संजीवनं घशाशी शोधलं. तिथं आता काही नव्हतं. "आत्ता येत नाही," तो म्हणाला. नंदिनीनं त्याच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.

सकाळी प्रचाराचा शेवटचा दिवस होता. नंदिनी खाली बायकांची वाट पाहत होती. भैरवी जिन्यात उभीच होती.

"हरली मी," ती म्हणाली. "बोला. नक्कल बंद करू?"

"नाही."

"मंग?"

"काकूची पान्याची बाटली धर."

"बस? एवढंच?"

"घरोघरी चहा पिते ते. पानी पीत नाही. मंग डोकं दुखते तिचं." हे संजीवला कोणी सांगितलं नव्हतं. गच्चीवरून, जिन्याच्या दाराच्या फटीतून जे दिसलं ते. "तिच्या बाजूनं चालायचं. घोषना द्यायच्या का नाही ते तुह्यं तू पाह्य. बाटली धरायची."

"किती दिवस?"

"मी सांगतो तवापर्यंत."

भैरवी मान डोलावून वळली आणि मग तिला खोडी सुचली. "पन काका, हा प्रचार नाही काय? तुमी मले पाठवून राहिले."

संजीव विचारात पडला. तो इतका वेळ विचार करत राहिला, की खालून नंदिनीनं हाक मारली.

"पानी आहे," तो शेवटी म्हणाला.

दाराजवळच्या खुंटीला त्याची फौजेतली बाटली टांगलेली होती, हिरवी, कापडी कव्हरची. भैरवीनं तीच भरली आणि खांद्याला अडकवली. ती दोन पायऱ्या उतरली असेल नसेल, संजीव मागून आला. त्यानं तिच्या खांद्यावरून पट्टा काढला, हिरवी बाटली परत खुंटीला लावली, फळीवरून स्टीलची साधी बाटली घेतली, तिच्यात पाणी ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि बधिर बोटांवर भरवसा नको म्हणून दुसऱ्या हातानं पुन्हा आवळलं. मग तिच्या हातात दिली आणि जिन्याचं दार लावून घेतलं.

नंदिनी निवडणुकीत पडली. मतं अगदीच कमी नव्हती, पण पुरेशी नव्हती. पडली ती भोकामुळं, पंख्यामुळं की आणखी कशामुळं, यावर वस्ती अजून बोलते. संजीवची सुटी संपली तसा तो गेला. होळीनंतर ऑर्डर आली. त्यानं फोनवर सांगितलं, तारा लागला. नंदिनी म्हणाली, "ठीक आहे," आणि ते इतकं हुबेहूब निघालं, की भैरवीनं कान टवकारले. इतके दिवस जे तिला साधत नव्हतं, ते काकूला न ठरवता साधलं होतं.

निवडून आली नसली तरी नंदिनी नालीसाठी झोन ऑफिसला जातेच. सोबत भैरवी असते, हातात स्टीलची बाटली. शिपाई दोघींना चहा विचारतो, भैरवी आधी काकूला पाणी पाजते. मागच्या आठवड्यात तिनं काकाला फोन लावला.

"काका, निवडणूक होऊन गेली. बाटली आनखी किती दिवस धरू?"

पलीकडं वारा होता. "सांगतो," संजीव म्हणाला आणि फोन ठेवला.

अजून सांगितलेलं नाही. पैज भैरवी हरली आहे.